माहिती न देणारे साहेब

चौबळसाहेबांबद्दल लिहायचं मी याआधीही ठरवलं होतं, पण दरवेळी थांबले. ज्या माणसानं सबंध नोकरीत आपल्याबद्दल कुठं काही लिहून येऊ नये याची काळजी घेतली, त्याच्याबद्दल आपण लिहावं का, हे मला कळत नव्हतं. शिवाय त्यात माझ्या मावशीच्या घरातली एक गोष्ट येते. शेवटी मावशीलाच विचारलं. ती पापडाचं पीठ कुटत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही गो. खरं हाय ना? मग लिही. पन नावं बदल सगल्यांची." ती बदलली आहेत.

माझं गाव रोह्याच्या आतल्या बाजूला आहे. भात आणि वाल यांच्यापलीकडे आमच्या घरात कोणी काही केलेलं नाही. कॉलेजात गेलेली मी पहिली. अकरावीपासून मी पेणला मावशीकडे राहिले, बी.ए. तिथंच केलं. मावशीची आळी गणपतीच्या कारखान्यांच्या मागे आहे. तिथं वर्षभर दारातल्या तुळशीवरसुद्धा पांढरी धूळ असते. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, एका कारखान्यात मूर्ती घासायच्या कामावर होते आणि मावशी पोह्याचे पापड करून दुकानांना द्यायची. त्यांच्या भिंतीला भिंत लावून चौबळसाहेबांचं घर होतं.

साहेब मूळचे रोह्याचे. गुप्तवार्ता खात्यातून बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोचं, काकूंचं, माहेर पेणचं म्हणून इथं येऊन राहिले. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. चालताना हात हलत नसत, जणू दोन्ही बगलांत फायली धरल्या आहेत. आळीत त्यांच्याबद्दल बरंच बोललं जायचं. शिंपी सांगायचा की ते वेश पालटून परदेशात राहिले होते. पोरं म्हणायची, त्यांच्या कपाटात पिस्तूल आहे. साहेबांनी यातलं काहीच कधी खोडलं नाही आणि मान्यही केलं नाही. काकूंना मात्र या गोष्टींचं हसू यायचं. एकदा मला म्हणाल्या, "यांच्या नोकरीचं मला एवढंच ठाऊक, की पगार एक तारखेला यायचा. बदली झाल्याचं तर मला सामान न्यायला आलेल्या ट्रकवाल्याकडनं कळायचं."

साहेबांची एक सवय सगळ्या आळीला पाठ होती. त्यांना कोणी काहीही सांगितलं, की ते आधी विचारत, "पाहिलंत की ऐकलंत?" पोस्टमन आज येणार नाही म्हटलं तरी हेच, पलीकडच्या घरात भांडण झालं म्हटलं तरी हेच. माणूस "ऐकलं" म्हणाला तर पुढचा प्रश्न, "कोणाकडून?" तिथपर्यंत बहुतेकांची बातमी संपायची. पोरं त्यांना पाठीमागे 'पाहिलं-ऐकलं साहेब' म्हणायची, आणि मला वाटतं त्यांना ते माहीत होतं.

मावशीपुढं मात्र त्यांचा हा प्रश्न एकदा त्यांच्यावरच उलटला. दूधवाला पाणी घालतो अशी तिची तक्रार होती. साहेब अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी सवयीनं विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत, वहिनी?" मावशी म्हणाली, "चाखलंय." साहेब पेपर खाली ठेवून हसले. असे ते क्वचितच हसायचे. म्हणाले, "हा रकाना आमच्याकडं नव्हता." त्या दिवसापासून मावशीच्या फुटक्या पापडांची एक पुडी त्यांच्या घरी जाऊ लागली. फुटके म्हणून द्यायची, पण त्यात कितीतरी अख्खे असत.

दुसरी सवय कागद फाडण्याची. किराण्याची चिठ्ठी, लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानाचं बिल, काम संपलं की ते कागद आधी उभा फाडत, मग आडवा, मग ते तुकडे पाण्याच्या बादलीत बुडवून लगदा करत आणि जास्वंदीच्या मुळाशी टाकत. काकू म्हणायच्या, "भेंडी किती घेतली ते शत्रूला कळू नये म्हणून."

मला त्यांच्याशी बोलायचं धैर्य बरेच दिवस झालं नाही. ते झालं एसटीत. साहेब महिन्यातून एकदा रोह्याला त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला जात. मी सुट्टीला घरी निघाले होते. नागोठण्यापर्यंत गाडीत कंपनीच्या शिफ्टला जाणाऱ्यांची गर्दी होती, ती उतरल्यावर त्यांनी मला शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं. कसं बोलावं ते सुचेना म्हणून मी सरळ विचारलं, तुम्ही खात्यात नक्की काय करायचात. विचारल्यावर वाटलं, चुकलंच. पण ते शांतपणे म्हणाले, "सह्या."

मला वाटलं ते टाळताहेत. पण मग त्यांनी मला त्यांचा एक दिवस सांगितला, अगदी सावकाश. सकाळी डाक यायची. ती ते स्वतः फोडत आणि तिच्या तीन चळती करत: आजच बघायची, उद्यापर्यंत थांबेल अशी, आणि कोणीतरी रागाच्या भरात लिहिलेली. तिसरी चळत सगळ्यात मोठी असायची. निनावी अर्ज त्यातच जात. मग हाताखालच्या अधिकाऱ्यांशी बैठक. मग रजेचे अर्ज, औषधांची बिलं, कोणाला सरकारी क्वार्टर द्यायचं, कोणत्या जीपनं पेट्रोल जास्त खाल्लं. दुपारी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले अहवाल वाचून त्यांचा एक गोषवारा वर पाठवायचा. संध्याकाळी दिवसभराचे रद्दी कागद आणि टंकयंत्राचे कार्बन आपल्या देखत जाळून घ्यायचे आणि ते जळाले म्हणून सही करायची.

"देशाची सुरक्षा वगैरे असते," ते म्हणाले, "पण सकाळी माझ्यासमोर प्रश्न असायचा तो म्हणजे टंकलेखक बाळंतपणाच्या रजेवर गेली तर टंकायचं कोणी."

किनाऱ्यावरच्या एका ठाण्यातून त्यांना एका माणसाचे अहवाल येत. वर्षानुवर्षं तो एकच वाक्य लिहायचा, परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात. साहेबांनी तो अहवाल परत पाठवला आणि वर लिहिलं, तणाव कोणाला, आणि नियंत्रण कोणाचं? पुढच्या आठवड्यात अहवाल आला, त्यात त्या माणसानं लिहिलं होतं की बंदरात बर्फाचा भाव वाढल्यामुळे होडीवाले आणि बर्फवाला यांच्यात बाचाबाची झाली, आता भाव उतरला आहे. साहेबांच्या मते तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला अहवाल होता. त्या माणसाला ते कधी भेटले नाहीत. निवृत्त होताना त्याला भेटावं असं वाटलं, पण नियमात बसत नव्हतं.

रोह्याला उतरल्यावर त्यांनी मला सांगितलं की हे सगळं सांगता येतं, कारण यात सांगण्यासारखं काही नाही. मला ते तेव्हा नीट समजलं नाही.

आता मावशीच्या घरातली गोष्ट.

मावशीचा एकुलता एक मुलगा नीलेश. त्याचा मित्र प्रशांत, त्याच आळीतल्या जनाभाऊंचा मुलगा. दोन्ही घरं मूळची खाडीकाठच्या एकाच गावची. तिथला खारबंधारा फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि भात पिकेनासं झालं, तेव्हा दोन्ही कुटुंबं पेणला आली. बंधारा बांधून मिळावा म्हणून गावानं तेव्हा महामार्ग अडवला होता. नीलेश आणि प्रशांत त्या वेळी नुकतेच अठरा पूर्ण झालेले, सगळ्यात पुढे बसले होते. पोलिसांनी पुढे बसलेल्यांची नावं लिहून घेतली आणि गुन्हा दाखल केला. काही वर्षांनी सरकारनं ते खटले मागे घेतले. बंधारा अर्धाच बांधला, पण खटला मिटला म्हणून गावानं सत्यनारायण घातला.

दोघं पहाटे एकत्र धावायचे आणि केंद्राच्या एका सुरक्षा दलाच्या भरतीत दोघंही निवडले गेले. मावशीच्या घरात पहिल्यांदाच कोणालातरी महिन्याच्या महिन्याला पगार मिळणार होता. काकांच्या छातीत मूर्ती घासून घासून धूळ बसली होती आणि डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. त्यामुळे ही नोकरी म्हणजे काय होतं, हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, 'नाही' लिहा, खटला मागे घेतला म्हणजे विषय संपला. प्रशांतनं 'नाही' लिहिलं. आळीत ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं. नीलेशला धीर होईना, म्हणून मावशी साहेबांकडे गेली. ती सल्ला मागायला गेली नव्हती. साहेबांनी वर कुठंतरी एक शब्द टाकावा, एवढंच तिचं मागणं होतं.

साहेबांनी शब्द टाकण्याबद्दल काहीच उत्तर दिलं नाही. फॉर्म घेऊन नीलेशला पाठवा म्हणाले. मावशीनं मलाही सोबत धाडलं, कारण साहेबांचं बोलणं नीलेशला अर्धंच कळतं असं तिला वाटायचं.

साहेबांनी त्याला सगळी हकीकत विचारली. कुठं बसला होतास, दगड उचललास का, कोर्टात कितीदा गेलास. मग म्हणाले, "खटला मागे घेतला म्हणजे झालाच नाही असं होत नाही. हे सगळं लिही. रस्ता अडवल्यानं सहसा नोकरी जात नाही, लपवल्यानं जाते. माझ्यासमोर अशा फायली यायच्या. दगड मारलेल्या पोराला मी पास केलंय. 'नाही' लिहिणाऱ्याला करता येत नसे."

नीलेशनं विचारलं, उशीर होईल का. साहेब म्हणाले, होईल. फाईल बाजूला पडेल, वर जाईल, कोणीतरी सही करायला घाबरेल. वर्षसुद्धा जाईल.

नीलेश उठायला लागला तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा बसवलं. "हा फॉर्म टाकण्याआधी प्रशांतला जाऊन सांग. त्या गुन्ह्याच्या कागदावर तुम्हा सगळ्यांची नावं आहेत. तुझ्यासाठी तो कागद कोणी काढला, की त्याचंही नाव वाचलं जाणार. त्याला म्हणावं, अजून वेळ आहे, पत्र देऊन चूक दुरुस्त करता येते. त्याला सांगितल्याशिवाय टाकू नकोस."

नीलेशनं दुसऱ्या दिवशी धावताना प्रशांतला सांगितलं. प्रशांत हसला. म्हातारा घाबरट हाय, तू पण त्याच्या नादाला लागू नको, असं म्हणाला. नीलेशनं आणखी एकदा सांगून पाहिलं. मग त्यानं खरं ते लिहून फॉर्म टाकला.

पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रशांत ट्रेनिंगला गेला. नीलेशला काहीच आलं नाही. गणपतीत प्रशांत सुट्टीवर आला, केस बारीक कापलेले, चालणं बदललेलं. जनाभाऊंनी आळीत पेढे वाटले, आमच्याकडेही आणून दिले. मावशीनं ते देवापुढं ठेवले आणि सरळ साहेबांच्या ओट्यावर गेली. मी तिच्या मागे होते. ती ओरडली नाही, पण आवाज चढलेला होता.

"साहेब, तुमचं खरं आमाला परवडलं नाय. त्यो खोटं लिवून गेला आन् माजा पोर घरात बसलाय."

साहेब उभे राहिले. उशीर होईल असं मी म्हणालो होतो, एवढंच बोलले.

"मग त्या प्रशांतचं पन सांगा ना तुमच्या लोकांना. त्यानं काय लिवलंय ते तुमाला म्हायीत हाय."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "पण वहिनी, ते काम मी सोडलंय. मी आता माहिती देत नाही."

पलीकडच्या ओट्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं हे ऐकलं. तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मावशीची पापडांची पुडी बंद झाली. काकूही साहेबांवर रागावल्या. आमच्या भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. एक फोन केला असता तर काय झालं असतं, एवढी वर्षं खात्यात काढून एका पोराचं काम होत नाही. साहेबांचं उत्तर मला एकदाच स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, माझ्या टेबलावर असे फोन यायचे, आणि फोन आला की मी ती फाईल आणखी बारकाईनं वाचायचो.

मावशीनं रागात असं बरंच काही म्हटलं, जे तिला नंतर आठवायचंही नव्हतं. ब्राह्मणाची सावली आणि साहेबाचा सल्ला, दोन्ही पोट भरीत नाय, असं ती एकदा म्हणाली. साहेब ब्राह्मण नाहीत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "साहेब तर हायेत ना." साहेब समोरून आले की ती पापडांवरचं फडकं उगाच सारखं करायची. साहेब मात्र पूर्वीसारखेच मान लववून पुढे जायचे.

दिवाळीनंतर नीलेशला एका कार्यालयात बोलावलं. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला रस्ता अडवल्याची हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारली, आणि बंधारा झाला का, तेही विचारलं. नीलेश म्हणाला, अर्धा झाला. अधिकाऱ्यानं तेही लिहून घेतलं. मग पुन्हा काही महिने काहीच नाही. काकांनी काम सोडलं नव्हतं, नुसतं तोंडाला फडकं बांधून जायचे. शिमग्याच्या सुमाराला नीलेशला रुजू होण्याचा आदेश आला. मावशी तो कागद घेऊन आधी देवापुढं आणि मग साहेबांच्या दारात गेली. साहेबांनी तो वाचला, परत दिला आणि नीलेशला गरम कपडे घ्यायला सांगितले, कारण ट्रेनिंगचं ठिकाण थंड होतं. मावशी काहीतरी बोलायला गेली होती, पण त्यांनी तिला ते बोलायला जागाच दिली नाही.

नीलेश गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रशांत परत आला. त्याला नोटीस मिळाली होती. साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. नीलेशच्या पडताळणीसाठी जुना गुन्ह्याचा कागद काढला गेला, त्यात प्रशांतचं नाव होतं, आणि त्याच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं होतं.

प्रशांत घरात बसून राहिला. कोणाशी बोलेना. त्याला सगळं कळत होतं, पण बापाला सांगायचं तर आपल्याला आधी सावध केलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. ते त्याच्यानं होईना. मग त्या कपडे वाळत घालणाऱ्या बाईला तिनं ऐकलेलं आठवलं. साहेबांना माहीत होतं, असं तिनं सांगितलं. आळीला तेवढं पुरलं. गुप्त खात्यातला माणूस, त्याला माहीत होतं, मग दुसरं कोण सांगणार?

जनाभाऊ एका सकाळी साहेबांच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. जनाभाऊ तसे मऊ माणूस, मिठागरावर उमेदीचा काळ घालवलेले, पायांना भेगा. त्यांना नीट शिव्यासुद्धा देता येत नव्हत्या. "चुगली केलीत साहेब तुमी. जुनी खोड गेली नाय. माज्या पोराच्या पोटावर पाय दिलात." हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आळी दारादारांत उभी होती. मावशीही होती. साहेब पायरीवर उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. जनाभाऊ थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "नोटिशीला उत्तर दिलंत का? त्याला मुदत असते."

जनाभाऊ थुंकून निघून गेले.

पण मुदत खरंच होती, आणि असं उत्तर लिहून देणारं आळीत दुसरं कोणी नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या दुकानदारानं हात वर केले होते. दोन-तीन दिवसांनी जनाभाऊ नोटीस घेऊन साहेबांच्या ओट्यावर आले. बसले नाहीत, उभेच राहिले. साहेबांनी कागद घेतला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. उत्तर लिहून झालं तेव्हा दुपार झाली होती. मुलगा गरीब आहे, घरची परिस्थिती हलाखीची आहे, असं जनाभाऊंना त्यात हवं होतं. साहेबांनी ते घातलं नाही. चूक झाली, तेव्हा समज कमी होती, गुन्हा काय स्वरूपाचा होता आणि तो कधी मागे घेतला गेला, एवढंच लिहिलं. जनाभाऊंना ते फार कोरडं वाटलं. निघताना त्यांनी आभार मानले नाहीत आणि साहेबांनाही ते अपेक्षित नसावेत.

त्या उत्तराचा उपयोग झाला नाही. प्रशांतची नोकरी गेली. आता तो धाटावला एका कंपनीत शिफ्टवर आहे.

जनाभाऊ ओट्यावर आले होते, त्याच संध्याकाळी मावशी साहेबांकडे गेली. तिनं मला चल म्हटलं नाही, पण मी गेले. ती दारातच उभी राहिली.

"मी सांगते आळीत," ती म्हणाली. "तुमी काय नाय केलं. आमच्या नीलेशच्या कागदानं झालंय. आन् प्रशांतला आधी सांगितलं होतं, ता पन सांगते."

साहेबांनी तिला आत बोलावलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब सावकाश बोलायला लागले. मला वाटतं ते वाक्य मनात आधी लिहीत होते.

"वहिनी, तुम्ही हे सांगितलंत तर उद्यापासून ते तुमच्या नावावर जाईल. नीलेश सुट्टीला याच आळीत येणार. जनाभाऊ तुमच्या गावचे, पुढं लग्नकार्यं एकमेकांकडं व्हायची. आणि तो प्रशांत बापासमोर आणखी उघडा पडेल. त्याचं ते त्यानं सांगायचं, तुम्ही नाही."

"आन् तुमी?"

"मला पेन्शन येते," साहेब म्हणाले. "आणि माझ्याबद्दल लोक काहीतरी बोलणारच. पूर्वी पिस्तूल होतं, आता हे."

काकू मध्येच म्हणाल्या, "मी काय करू ते पण सांगून ठेवा. मला कोणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही आता." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी थोड्या वेळानं स्वतःच हात झटकले आणि मावशीला म्हणाल्या, जाऊ दे, मला तरी कुठं आवडायचं ते. त्यांना ते फार आवडायचं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मावशीनं आळीत काही सांगितलं नाही. ती बरोबर वागली की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही. मी तिला विचारलंही नाही.

साहेब आणि काकू आता पेणला नाहीत, मुलीकडे राहायला गेले. ते गेले तेव्हा मी तिथं नव्हते. मला ते शेवटचे दिसले ते माझी परीक्षा संपली त्या एप्रिलमध्ये. मी बॅग भरून रोह्याच्या गाडीला निघाले होते. सकाळचं ऊन होतं आणि आळीतल्या बायका ओट्यांवर पापड घालत होत्या. साहेब कोपऱ्यावरून आळीत शिरले. ते दिसले तसं बायकांचं बोलणं थांबलं. हल्ली ते नेहमीच थांबायचं. जनाभाऊंची बायकोही तिथं होती.

मावशी हातातलं ताट खाली ठेवून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "साहेब, चहा टाकलाय. घेऊन जावा."

साहेब थांबले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग ओट्यांवरच्या एकेका बाईकडे पाहिलं, आणि पुन्हा मावशीकडे.

"आज नको, वहिनी," ते म्हणाले. "बाजारात जायचंय."

त्यांच्या हातातली पिशवी गच्च भरलेली होती. वरून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या दिसत होत्या. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना नीट जमलंही नाही. ते तिथल्या तिथं वळले आणि ती भरलेली पिशवी घेऊन पुन्हा बाजाराच्या दिशेनं चालायला लागले.